एकट्या पुरुषाने कमवावे ते किती आणि कोणासाठी?

एकटा_सदाशिव (धागाकर्ता)

नमस्कार. माझे वय ४७ असून मी अविवाहित आहे. चाकणच्या एका कारखान्यात मी टूल डिझाइनचे काम करतो. कंपनीने मला तीन वर्षांसाठी गुजरातमधील साणंदच्या प्लांटवर विभागप्रमुख म्हणून जाण्याविषयी विचारले आहे. कर वजा जाता वर्षाला साधारण बारा लाख रुपये अधिक हाती पडतील, मात्र कामाचे तास आणि जबाबदारी दोन्ही वाढतील. उत्तर देण्यासाठी महिन्याअखेरपर्यंतची मुदत आहे.

माझी परिस्थिती थोडक्यात सांगतो. वारज्यात दोन खोल्यांचा स्वतःचा फ्लॅट आहे आणि त्याचे कर्ज गेल्या दिवाळीत फिटले. वडील हयात नाहीत. आई ७६ वर्षांची असून माझ्याकडे राहते. थोरला भाऊ सांगलीला आणि बहीण ठाण्याला असते. आम्हा दोघांचा मिळून महिन्याचा खर्च ४५,००० रुपयांच्या घरात जातो. भविष्यनिर्वाह निधी, पीपीएफ आणि म्युच्युअल फंड मिळून १ कोटी ६० लाखांच्या आसपास शिल्लक आहे. व्यसन नाही आणि महागडे छंदही नाहीत.

चहाच्या टपरीवर एका सहकाऱ्याला ही बातमी सांगितली तेव्हा तो सहज म्हणाला, "तुला काय, एकटा जीव सदाशिव! तू कशाला मरमर करतोस?" त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, पण त्या वेळी मला उत्तर सुचले नाही आणि गेले दहा दिवस ते सुचलेले नाही. त्याला दोन मुले आहेत, त्यामुळे तो जादा पाळी करतो तेव्हा ती कशासाठी करतो हे त्याला कोणी विचारत नाही. मी तेच केले तर त्याला हाव म्हटले जाते, आणि खरे सांगायचे तर कधीकधी मलाही ते तसेच वाटते. एकट्या पुरुषाने गरज भागल्यानंतरही संपत्तीच्या मागे लागण्यात काही अर्थ आहे का, याविषयी आपली मते वाचायला आवडतील.

फक्कड

लग्न करा. दोन्ही प्रश्न सुटतील.

एकटा_सदाशिव

तो सल्ला मला १९९९ पासून मिळत आला आहे. या धाग्यावर तो सोडून बोलूया, ही विनंती.

तळटीप

आधी आकड्यांचे पाहू, कारण "गरज भागली" हे आपण गृहीत धरले आहे आणि ते तपासण्याजोगे आहे. वार्षिक खर्चाच्या पंचवीस पट रक्कम जमली की पुरेसे झाले, असा एक ठोकताळा सर्वत्र फिरत असतो. तो विल्यम बेंगेन या अमेरिकी सल्लागाराने १९९४ मध्ये मांडलेल्या चार टक्क्यांच्या नियमावरून आलेला आहे. त्यामागे तिथल्या बाजाराची आकडेवारी आणि तीस वर्षांची निवृत्ती गृहीत आहे, त्यामुळे तो इथे जसाच्या तसा लागू होत नाही. तरीही वापरून पाहिला तर आपला वार्षिक खर्च ५ लाख ४० हजार आणि त्याची पंचवीस पट १ कोटी ३५ लाख होते. म्हणजे कागदावर आपण पार झालात.

मात्र महागाई सहा टक्के धरली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. आजचे ४५,००० आपल्या ५९व्या वर्षी ९०,००० आणि ७१व्या वर्षी १ लाख ८० हजार होतील. शिल्लक रक्कम आठ टक्क्यांनी वाढत राहिली तर ५९व्या वर्षी ती चार कोटींच्या आसपास पोहोचेल आणि तेव्हाची पंचवीस पट २ कोटी ७० लाख असेल. साणंदला न जाता, आजपासून एक रुपयाही न साठवता हे गणित जमते. त्यामुळे पैशांसाठी जाण्याची आपल्याला गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. काम आवडत असेल तर गोष्ट वेगळी.

रोखठोक

धागाकर्त्यांनी सहकाऱ्याचे वाक्य मनाला लावून घेतले, याचेच मला आश्चर्य वाटते. "मुलांसाठी कमावतो" हे विवाहित पुरुषांचे सर्वांत सोयीचे कारण आहे. मी स्वतः विवाहित असून मला दोन मुली आहेत, म्हणून हे अधिकाराने लिहितो. मी पदोन्नती घेतली ती मला खुर्ची हवी होती म्हणून. मुलींना त्या वर्षी वडील घरी हवे होते. मुले नसलेल्या माणसाला ही पळवाट नसते, एवढाच त्याचा आणि आमचा फरक. आपल्याकडे अर्थ हा चार पुरुषार्थांपैकी एक मानला गेला, आणि तो केवळ संततीसाठी साधावा अशी अट कोणी घातलेली माझ्या वाचनात नाही.

शिवाय एकट्या पुरुषाला पैशाने काय मिळते हे विवाहितांना कळत नाही. माझा धाकटा मेहुणा सडा आहे. पुण्यात अकरा वर्षांत त्याने सात घरे बदलली, कारण "फॅमिलीलाच देणार" असे म्हणून सोसायट्या त्याला दारातूनच परत पाठवत. एका मालकाने घर दिले ते "रात्री नऊनंतर पाहुणे नकोत" ही अट करारात घालून. तेव्हा तो एकेचाळीस वर्षांचा होता आणि त्याच्या हाताखाली साठ माणसे काम करत होती. स्वतःचे घर झाले त्या दिवशी त्याने पहिले काम काय केले, तर रात्री साडेअकराला चार मित्रांना पिठलं-भात खायला बोलावले.

आडवाट

मी ६३ वर्षांचा, अविवाहित. वयाच्या ४४व्या वर्षी मुंबईची नोकरी सोडून गुहागरजवळच्या गावी आलो. हापूसची साठेक कलमे, वडिलोपार्जित घर, थोड्या मुदतठेवी. त्या वेळी माझाही हिशेब तळटीप यांच्यासारखाच चोख जमला होता. शहरातला माणूस हे वाचून हळहळेल आणि "काय भाग्य आहे तुमचे" म्हणेल, म्हणून उरलेली बाजूही लिहितो.

पहिली दहा वर्षे खरोखरच उत्तम गेली. मग वानरांनी बाग धरली. तीन हंगाम असे गेले की फळ आधी त्यांनी खायचे आणि उरले तर मी विकायचे (एका परीने बरेच झाले, त्यांना वारसाहक्काचा दाखला लागत नाही). मागच्या वर्षी हृदयाचे ऑपरेशन झाले. विमा होता, पण त्याची रक्कम मी वीस वर्षांपूर्वीच्या समजुतीने ठरवलेली होती आणि ती निम्म्यालाही पुरली नाही. उरलेल्यासाठी एक ठेव मुदतीआधी मोडली. सर्वांत कठीण भाग त्यानंतरचा होता. घरी परतल्यावर सहा आठवडे जड उचलायचे नाही, असे सांगितलेले, आणि आमच्या विहिरीचा पंप बंद पडलेला. शेजारच्या वहिनींनी पाणी भरले, त्याचे पैसे त्या घेईनात. दहा दिवस मी ते उपकार म्हणून घेतले आणि अकराव्या दिवशी मला ते सोसेना.

मी पाच वर्षे आणखी नोकरी करायला हवी होती. पस्तावलो आहे असे नाही. संध्याकाळी ओटीवर बसलो की आजही तोच निर्णय बरोबर वाटतो. पण पैशांच्या मागे लागणे आणि पैसे असणे या दोन गोष्टींत मी गल्लत केली. मागे लागणे मला नको होते, म्हणून असण्यालाच तुच्छ मानले.

गोदाकाठ

मी नाशिकच्या एका रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम करते. आडवाट यांनी लिहिलेल्या पाण्याच्या गोष्टीवरून एक प्रसंग आठवला, तो ओळख पटणार नाही इतपत बदलून सांगते.

खुब्याचे हाड मोडलेले एक निवृत्त गृहस्थ रिक्षाने एकटेच आले. शुद्धीवर होते, पैसे भरपूर होते, मेडिक्लेमचे कार्ड पाकिटात होते. प्रवेशाच्या अर्जात "जवळचे नातेवाईक" असा रकाना असतो. तिथे आल्यावर त्यांनी पेन खाली ठेवले. दोन मिनिटांनी त्यांनी तिथे त्यांना डबा देणाऱ्या खानावळवाल्याचे नाव आणि नंबर लिहिला. तो माणूस दुपारी डबा घेऊनच आला, त्याने सही केली, औषधांच्या दुकानात दोनदा जाऊन आला आणि संध्याकाळच्या डब्यांची वेळ झाली म्हणून निघून गेला. ऑपरेशन व्यवस्थित झाले. पण पुढच्या आठ दिवसांत रोज काही ना काही लागत होते: घराची किल्ली, चष्मा, विम्याचा एक कागद, चार्जर. त्यांच्या खात्यात लाखो रुपये होते आणि चष्मा आणायला कोणी नव्हते.

तळटीप यांचा हिशेब धडधाकट माणसाचा आहे. माझी आई शेवटची अडीच वर्षे अंथरुणाला खिळून होती. दिवसपाळीला एक आणि रात्रपाळीला एक अशा दोन बायका ठेवाव्या लागल्या आणि महिन्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपास खर्च येई. म्हणजे धागाकर्त्यांचा आजचा सगळा घरखर्च जितका, तितका तो एकटा. माझ्या घरी निदान त्या बायकांवर देखरेख करायला मी होते, सुट्टीच्या दिवशी त्यांची जागा घ्यायलाही मीच. एकट्या माणसाला ती देखरेखही विकत घ्यावी लागते.

तळटीप

गोदाकाठ यांचा मुद्दा मान्य. सेवेचा खर्च मी धरलाच नव्हता. साणंदची तीन वर्षे म्हणजे छत्तीस लाख. दरमहा ४५,००० प्रमाणे त्यात आजच्या दराने ८० महिन्यांची, म्हणजे सहा वर्षे आठ महिन्यांची दोन पाळ्यांची सेवा बसते. रक्कम गुंतवून ती त्या बायकांच्या पगाराच्या वेगाने वाढत राहिली, तर हे प्रमाण टिकेल. माझे आधीचे "गरज नाही" हे विधान मी मागे घेतो. आपण जाणार असाल तर त्या रकमेला आजपासूनच हे नाव द्या आणि ती वेगळी ठेवा.

जुना_कारकून

मी एका बँकेतून निवृत्त झालो. शेवटची सात वर्षे माझ्याकडे मृत खातेदारांच्या दाव्यांचे टेबल होते, त्यामुळे एकट्या पुरुषांच्या संपत्तीचे पुढे काय होते याविषयी मी इथल्या बहुतेकांपेक्षा अधिक पाहिले आहे, असे नम्रपणे नमूद करतो.

एक उदाहरण डोळ्यांसमोरून जात नाही. साठीतले अविवाहित खातेदार वारले. दोन महिन्यांनी त्यांची विवाहित बहीण आली, आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा तिने माझ्या टेबलावर पालथा केला. त्यात चार बँकांची पासबुके, रबराने बांधलेल्या ठेवींच्या पावत्या, एका सहकारी पतपेढीचे भागपत्र आणि लॉकरची किल्ली होती. लॉकर कोणत्या बँकेत आहे याचा कुठेही उल्लेख नव्हता. नामनिर्देशन एकाच खात्यावर होते आणि ते त्यांच्या आईच्या नावे. ती त्यांच्या आधी नऊ वर्षे वारलेली. प्रत्येक पावतीमागे पेन्सिलीने व्याजाचा हिशेब पैशापर्यंत मांडलेला होता. कमावण्यात आणि सांभाळण्यात त्या माणसाने कुठे कसूर केली नव्हती.

दहा वर्षे कोणी न विचारलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये स्थापन केलेल्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होतात. पैसे बुडत नाहीत, वारसाला ते नंतरही मागता येतात, आणि २०२३ पासून उद्गम नावाच्या पोर्टलवर शोधही घेता येतो. पण शोधायला कोणीतरी असावे लागते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते, त्याचा लाभ घ्यावा. धागाकर्त्यांना एवढेच विचारतो: आपल्या नामनिर्देशनांत कोणाचे नाव आहे?

एकटा_सदाशिव

सगळीकडे आईचे.

दस्तऐवज

मी वकिली करतो. वरील उत्तर वाचून लिहिणे भाग पडले.

प्रथम एक गैरसमज: नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही. ती रक्कम स्वीकारणारी विश्वस्त असते आणि मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्यांची असते. शेअरच्या बाबतीत याविषयी वाद होता, तोही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये याच अर्थाने मिटवला.

आता वारस कोण. धागाकर्ते हिंदू असतील आणि मृत्युपत्र केलेले नसेल तर १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो. अविवाहित पुरुषाच्या मागे आई असेल तर ती पहिल्या वर्गातील वारस असल्याने सर्व काही तिच्याकडे जाते. आई नसेल तर वडील, आणि तेही नसतील तर भाऊ आणि बहीण समान वाट्याने. इथे एक खाच आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. भाऊ आधी वारला आणि बहीण हयात राहिली, तर सर्व संपत्ती एकट्या बहिणीला मिळते. भावाच्या मुलांना काहीही मिळत नाही, कारण पुतणे-पुतण्या त्याच वर्गात पण खालच्या पायरीवर आहेत. "माझ्या मागे पुतणीलाच सगळे मिळेल" असे समजून निर्धास्त राहिलेले काका मी पाहिले आहेत. मृत्युपत्राला दोन साक्षीदार पुरतात आणि नोंदणी सक्तीची नाही, तरी ती करावी असे मी सुचवेन.

हयातीत द्यायचे असेल तर करातही एक गंमत आहे. काकाने पुतणीला कितीही रक्कम भेट दिली तरी तिला कर नाही, कारण आई-वडिलांची भावंडे तिच्या "नातेवाइकां"त मोडतात. उलट पुतणीने काकाला वर्षात पन्नास हजारांहून अधिक दिले तर ती रक्कम काकाच्या उत्पन्नात धरली जाते, कारण भावंडांची मुले काकाच्या व्याख्येत नाहीत. म्हणून "आत्ता तिला देऊन टाकतो, लागले तर परत घेईन" हा विचार करू नये.

घर बक्षीसपत्राने देणार असाल तर साठीनंतर द्यावे आणि सांभाळ करण्याची अट दस्तातच स्पष्ट लिहावी. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७च्या कायद्यातील कलम २३ नुसार ती अट मोडल्यास हस्तांतर रद्द करून घेता येते.

आणि गोदाकाठ यांच्या रकान्याविषयी. कुलमुखत्यारपत्र केले की काम झाले, असे अनेकांना वाटते, पण मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली की ते संपुष्टात येते, म्हणजे नेमके जेव्हा लागते तेव्हाच. उपचार कुठवर चालू ठेवावेत याविषयीची इच्छा मात्र आधी लिहून ठेवता येते आणि त्यात आपल्या वतीने कोण बोलेल ते नाव घालता येते. सर्वोच्च न्यायालयाने हा मार्ग २०१८ मध्ये मान्य केला आणि २०२३ मध्ये तो सोपा केला. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते होते.

रोखठोक

आल्फ्रेड नोबेलही अविवाहित होता. त्याने १८९५ मध्ये वकिलाची मदत न घेता मृत्युपत्र लिहिले, पुढच्याच वर्षी तो वारला, पुतण्यांनी वाद घातला आणि पहिली पारितोषिके निघायला १९०१ उजाडले. दस्तऐवज यांच्या व्यवसायाला याहून मोठी जाहिरात नको.

पण गंभीरपणे बोलायचे तर सगळी चर्चा म्हातारपण आणि मरण यांवर येऊन थांबली आहे, हे मला रुचलेले नाही. ४७ वर्षांच्या माणसाला आपण साणंदला जायला सांगत आहोत ते अंथरुणाला खिळल्यावर लागणाऱ्या बायकांच्या पगारासाठी. त्याला नव्या प्लांटची उभारणी करायची हौस आहे का, हे कोणी विचारलेच नाही.

गोदाकाठ

आणि आईंचे काय, हेही कोणी विचारले नाही. आम्ही सगळे त्यांच्या मुलाच्या म्हातारपणाविषयी बोलतो आहोत.

एकटा_सदाशिव

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही प्रश्नांची उत्तरे देतो.

आईला मी हे सर्व घाबरत सांगितले. ती म्हणाली, "तिकडे भाजी कशी मिळते ते आधी विचार." ती येणार आहे. ठाण्याची बहीण पावसाळ्यात महिनाभर येऊन राहीन म्हणाली. साणंदला जवळपास चांगले रुग्णालय कोणते, हे मी कंपनीला विचारले आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर आल्याशिवाय होकार कळवणार नाही.

हौसेविषयी: आहे. ते लिहायला संकोच वाटत होता, म्हणून मूळ धाग्यात फक्त पैशाचे लिहिले. शून्यातून टूल रूम उभी करायला मिळणे माझ्या वयाच्या माणसाच्या वाट्याला फार कमी वेळा येते. तीन वर्षांऐवजी दोन वर्षे आणि मग पुन्हा विचार, असे मी मागून पाहणार आहे. दोन वर्षांचेच जमले तर चोवीस लाख. तळटीप यांच्या हिशेबाने ती साडेचार वर्षांहून थोडी कमी सेवा होते, तेवढी चालेल. त्या रकमेसाठी वेगळे खाते काढतो आहे.

पुतणी पुण्यातच आर्किटेक्चर शिकते आणि रविवारी जेवायला आमच्याकडे असते. काल तिला समोर बसवून सगळ्या खात्यांची यादी केली. मला वाटले होते की तिला अवघडल्यासारखे होईल. तिने वहीत सरळ तक्ता आखला, "काका, लॉकरची दुसरी किल्ली कुठे आहे?" असे विचारले, आणि बँक भाडेकऱ्याला एकच किल्ली देते हे ऐकल्यावर "मग ती हरवली तर?" असे विचारून पुढच्या ओळीवर गेली. मृत्युपत्रासाठी दस्तऐवज यांना निरोप पाठवतो आहे. जुना_कारकून यांना एक विचारायचे होते: लॉकर पुतणीच्या जोडीने करून घ्यायचा असेल तर तिला सोबत न्यावे लागेल का, आणि शनिवारी गेलो तर चालेल का?

जुना_कारकून

न्यावेच लागेल, तिचे आधार कार्ड, पॅन कार्ड आणि दोन फोटो बरोबर ठेवा. करार नव्याने होईल. लॉकर दोघांपैकी कोणालाही एकट्याने उघडता यावा, असे त्यात लिहून घ्या आणि त्याच बैठकीत नामनिर्देशनांतली नावेही बदला. येता शनिवार दुसरा आहे, बँक बंद असेल. सोमवारी अकराच्या सुमारास जा, त्या वेळी टेबलावर गर्दी कमी असते.